वजाबाईंची चूक

शाळेतली पोरं बाईंना पाठीमागे 'वजाबाई' म्हणत. हे नाव बाईंच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचंही. एकतीस वर्षं त्या शेवटच्या वर्गाला गणित शिकवत होत्या. वहीत कुणाचं वजा चिन्ह सुटलं की लाल शाईने एवढं मोठं वर्तुळ काढायच्या की त्याखाली निम्मं गणित झाकलं जाई. विकलनाचा धडा लागला की भागाकाराचा नियम फळ्यावर एकदाच लिहायच्या आणि मग सबंध आठवडा तो तोंडी म्हणून घ्यायच्या. छेद तसाच, अंशाचं विकलन; वजा; अंश तसाच, छेदाचं विकलन; खाली छेदाचा वर्ग. 'वजा' आलं की टेबलावर डस्टर आपटायच्या. शाळा सोडून वीस वर्षं झालेली माणसंसुद्धा रस्त्यात भेटली की तो डस्टर आठवून हसायची.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. खालच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची कामं तो स्वतःच करायचा. त्याची बायको मुलगी चार वर्षांची असताना गेली आणि तेव्हापासून पोर दोन मजल्यांवर मिळून वाढली. लहानपणी पेन्सिलीचे तुकडे, बटणं, बिया असं काय काय गोळा करून उशीखाली दडवायची, म्हणून तिचं नाव खारू पडलं. सतरा वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं.

खारूला दृष्टिविज्ञानाच्या अभ्यासक्रमाला जायचं होतं. बापाच्या दुकानात बसून त्याला माणसांचे डोळे तपासताना पाहत ती मोठी झाली होती आणि आता तिला त्यातलं शास्त्र शिकायचं होतं. तिथे प्रवेशाला गणितात साठ गुण लागत. बाकी विषय तिला सोपे होते, गणितात मात्र ती चाचपडत चालायची. म्हणून वर्षभर रोज संध्याकाळी ती आत्याच्या जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसे. आत्या घरातही बाईच असायची. चूक झाली की नुसती वहीवर बोट ठेवायची आणि पोरीला स्वतः शोधायला लावायची.

त्या वर्षी परीक्षा मंडळाने बाईंना गणिताच्या मुख्य नियामक नेमलं होतं, म्हणजे प्रश्नपत्रिका, नमुना उत्तरं आणि तपासणी सगळं त्यांच्या देखरेखीखाली. भाची परीक्षेला बसते आहे असं त्यांनी आधीच लेखी कळवलं, पण नियमात फक्त स्वतःची मुलं मोडत होती, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. प्रश्नपत्रिकेतलं एक अक्षर त्यांनी घरी काढलं नाही. पाचवा प्रश्न त्यांचाच होता. अंशात एक्सचा वर्ग गुणिले साइन एक्स, छेदात एक वजा एक्सचा वर्ग, विकलन करा. म्हणजे आधी भागाकाराचा नियम लावायचा आणि अंशाचं विकलन करताना पोटात गुणाकाराचा नियम. शेवटच्या बैठकीत बाईंनाच खटकलं की एक्स एक असला तर छेद शून्य होतो आणि एखादं चौकस पोर उगाच त्यात अडकून बसेल. त्यांनी छेदातला वजा काढून अधिक केला. बैठक उठत आली होती, पाकिटं लाखेने बंद करायला माणूस दारात उभा होता. बाईंनी उभ्या उभ्याच नमुना उत्तरात बदल केले आणि कागद पुढे सरकवला. बाकीच्या दोघा सदस्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. बाईंनी बघितलंय म्हणजे बघितलंय, असं एक जण म्हणालासुद्धा.

परीक्षेच्या दिवशी खारू नाचतच वर आली. पाचवा प्रश्न मस्त सुटला, म्हणाली, शेवटी दोन राशी एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर एवढंसं उरतं. बाईंच्या डोळ्यांसमोर त्यांचं नमुना उत्तर होतं. त्यात शेवटी चार एक्स घन साइन एक्स अशी एक राशी उरत होती.

"तिथे काही उडत नाही, खारू," त्या म्हणाल्या. "तू वजा चिन्ह चुकवलंस."

खारूचा चेहरा उतरला. आपण बरोबरच लिहिलंय असं ती दोनदा म्हणाली, मग प्रश्नपत्रिकेची घडी घातली. आत्या म्हणते म्हणजे तसंच असणार. त्या संध्याकाळी ती जेवली नाही आणि बाईंनीही आग्रह केला नाही. परीक्षेतली चूक माणसाने एकदा नीट पचवावी, असं त्यांचं मत होतं.

पुढच्या आठवड्यात तपासणी सुरू झाली. एका मोठ्या शाळेच्या सभागृहात चाळीस परीक्षक बसत, प्रत्येकासमोर पंचवीस-पंचवीस उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दुसऱ्या दिवशी सर्वांत नवीन परीक्षिका, दोनच वर्षं शिकवत असलेली एक मुलगीच म्हणायची, बाईंच्या टेबलाशी आली आणि पाचव्या प्रश्नाचं उत्तर एकदा बघाल का, माझं वेगळं येतंय, असं हळूच म्हणाली.

"वेगळं येतंय म्हणजे तुमचं चुकतंय," बाई मान वर न करता म्हणाल्या. जवळपासचे लोक हसले.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. या वेळी गणित कागदावर सोडवून आणलं होतं. बाईंनी कागद घेतला आणि फाइलीखाली सरकवून दिला. नमुना उत्तराप्रमाणे तपासा, इथे वाद घालायला वेळ नाही, असं सांगितलं. दिवसाच्या अहवालात 'सूचना पाळत नाहीत' एवढा शेरा लिहिला. चौथ्या दिवशी त्या मुलीची खुर्ची रिकामी होती आणि तिचे गठ्ठे इतरांत वाटले गेले. त्यानंतर पाचव्या प्रश्नाबद्दल कुणी तोंड उघडलं नाही.

निकाल लागला. खारूला गणितात अठ्ठावन्न.

भावाने दुकान नेहमीच्या वेळी उघडलं आणि बंद केलं. खारूने मात्र आत्याला न विचारता मंडळाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागितली. ती एका रविवारी सकाळी आली. खारू पाकीट घेऊन वर गेली आणि टेबलावर ठेवलं.

"दाखव माझं कुठे चुकलं ते," ती म्हणाली. "नीट दाखव. पुन्हा बसावं लागलं तर तेच नको व्हायला."

बाईंनी चष्मा लावला, लाल पेनचं टोपण काढलं आणि पाचवा प्रश्न उघडला. परीक्षकाने शेवटच्या दोन पायऱ्यांवर काट मारून तीन गुण कापले होते. बाईंनी वरून सुरुवात केली. छेद तसाच, अंशाचं विकलन. इथे गुणाकाराचा नियम: दोन एक्स साइन एक्स, अधिक एक्स वर्ग कॉस एक्स. बरोबर. वजा. अंश तसाच, छेदाचं विकलन दोन एक्स. बरोबर. कंस सोडवला. एका बाजूला अधिक दोन एक्स घन साइन एक्स, दुसरीकडे वजा दोन एक्स घन साइन एक्स. उडाले. उत्तर एवढंसं उरलं.

पेन कागदावर टेकायचं राहून गेलं. त्यांनी बाजूच्या कोऱ्या कागदावर तेच पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग त्यांना ती बैठक आठवली. छेदातला वजा त्यांनी अधिक केला होता, वरच्या ओळीही त्याप्रमाणे बदलल्या होत्या. पण जुन्या छेदाचं विकलन ऋण होतं, त्यामुळे नियमातल्या वजाशी मिळून तिथे अधिक झालं होतं. ते अधिक पुन्हा वजा करायचं राहिलं. दोन राशी एकमेकींना खाण्याऐवजी एकीत एक मिळाल्या आणि चार झाल्या.

समोर खारू टोपण चावत वाट बघत होती.

"थोडा वेळ लागेल मला," बाई म्हणाल्या. "नंतर सांगते."

एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही मुलाला असं उत्तर दिलं नव्हतं. खारूला ते विचित्र वाटलं, पण ती खाली निघून गेली. बाई दुपारपर्यंत त्याच खुर्चीत बसून होत्या. खारूचे तीन गुण आधी डोळ्यांसमोर आले. मग आठवलं, केंद्रावर बारा हजार पेपर तपासले गेले होते. पाचवा प्रश्न निम्म्यांनी तरी सोडवला असेल. ज्यांचं चुकलं त्यांचं चुकलंच, पण ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांचे गुण बाईंच्या सहीने कापले गेले होते. आणि हे आता बोलावं तर लोक म्हणणार, भाचीचे दोन गुण कमी पडले म्हणून बाईंना जाग आली. गप्प बसावं तर कुणाला कधी कळणारही नव्हतं. एवढ्या मोठ्या मनाच्या आपण नाही, हेही त्यांना त्या दुपारी कळलं, कारण गप्प बसायचा विचार एकदा नाही, बऱ्याचदा येऊन गेला. दोन दिवस त्या खारूसमोर जायचं टाळत राहिल्या. जिन्यात तिची पावलं वाजली की स्वयंपाकघरात शिरून नळ सोडायच्या.

तिसऱ्या दिवशी त्या आधी त्या नव्या परीक्षिकेकडे गेल्या. पत्ता शाळेतून मिळवला होता. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले कपडे, टेबलावर वह्यांचा ढीग. दारात बाईंना बघून ती मुलगी गोंधळली आणि खुर्चीवरच्या वह्या उचलायला लागली. बाईंनी उभ्यानेच सांगितलं, की तुमचं उत्तर बरोबर होतं, माझं चुकलं होतं, आणि मी तुमचा कागद वाचलासुद्धा नव्हता.

तिने उचललेल्या वह्या पुन्हा खुर्चीवरच ठेवल्या.

"मला तुमचा राग नव्हता आला, बाई," ती म्हणाली. "माझीच शंका आली. घरी येऊन ते गणित मी किती वेळा केलं, मोजलं नाही. दर वेळी तेच उत्तर यायचं आणि दर वेळी वाटायचं, काहीतरी आपल्यालाच दिसत नाहीये. आता वर्गात फळ्यावर काहीही लिहिलं की मी मागे वळून दोनदा बघते. पोरांच्या ते लक्षात आलंय."

बाईंनी माफी मागितली. तिने मान हलवली, पण असू दे, असं काही म्हणाली नाही. चहा विचारला, बाई नको म्हणाल्या. निघताना तिने एवढंच विचारलं, की तुम्ही हे मंडळाला सांगणार का. बाई हो म्हणाल्या, आणि म्हणून गेल्यावर परतीची वाट उरली नाही.

मंडळाचे सचिव बाईंना ओळखत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागदावरचं गणित स्वतः करून पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे समजावलं, की तुम्ही लेखी पत्र दिलंत तर साऱ्या केंद्राची फेरतपासणी लावावी लागेल. बारा हजार पेपर पुन्हा काढायचे, माणसं बोलवायची, सहा-सात आठवडे जातील. तोपर्यंत कुणाचेच गुण बदलता येणार नाहीत, आणि सगळ्यांचे प्रवेश तर याच महिन्यात बंद होतात. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तुमच्या भाचीचा फेरतपासणीचा अर्ज येऊ द्या. एका पेपरचं काम, दोन दिवसांत होतं. गुण तिच्या हक्काचेच आहेत, त्यात खोटं काही नाही. पत्राचं पुढे बघू."

यातलं एकही वाक्य चूक नव्हतं, हेच बाईंना जड गेलं. पोरीचे गुण खरंच हक्काचे होते. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. टेबलावरच्या काचेखाली कुठल्यातरी जुन्या बैठकीचा फोटो होता आणि त्यात बाई मधोमध बसल्या होत्या.

"पत्राचं पुढे कधी बघणार?" त्यांनी विचारलं.

सचिवांनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. बाईंनी पर्समधून पत्र काढलं. बाहेर आवक विभागात जाऊन दिलं, प्रतीवर शिक्का मारून घेतला आणि घरी निघाल्या. बसथांब्यावर दोन बस त्यांनी तशाच जाऊ दिल्या.

भाऊ दुकानात भिंग घासत होता आणि खारू गल्ल्याच्या बाजूला काचा पुसत होती. बाईंनी तिथेच, मधल्या स्टुलावर बसून, आधी चूक सांगितली. खारूच्या हातातलं फडकं थांबलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर जे आलं ते सुटकेचं होतं, बाईंनी ते पाहिलं. मग त्यांनी सचिवांचं बोलणं सांगितलं आणि आपण काय केलं तेही.

भावाने यंत्र बंद केलं. ते फिरत फिरत थांबलं.

"म्हणजे ते गुण हातात देत होते," तो म्हणाला, "आणि तू नको म्हणालीस."

"बाकीच्या पोरांचं काय रे?"

"बाकीच्या पोरांना आत्या असतील, ताई. त्यांचं त्या बघतील. हिचं तू बघायचं होतंस."

त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं. खारूने फडकं घडी करून ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेली. त्या दिवसापासून दोन मजल्यांमधली ये-जा बंद झाली. सकाळी जिन्यात गाठ पडली तर भाऊ बाजूला होऊन वाट द्यायचा, एखाद्या परक्या शेजाऱ्याला द्यावी तशी.

फेरतपासणीला सात आठवडे लागले. चार हजारांवर मुलांचे गुण वाढले. दोनशे अकरा नापास मुलं पास ठरली. वर्तमानपत्रात बाईंचं नाव आलं नाही, पण 'मुख्य नियामकांची चूक' असं आलं आणि गावाला कळायचं ते कळलं. मंडळाने बाईंना सर्व कामांतून काढलं. सह्या करणाऱ्या दोघांना ताकीद मिळाली. शाळेत मुख्याध्यापकांनी शेवटचा वर्ग काढून घेतला आणि पाचवी दिली. पालक विचारतात, बाई, माझा नाइलाज आहे, असं ते खाली बघत म्हणाले. एक दिवस एक आई शाळेच्या फाटकाशी येऊन थांबली. तिची मुलगी दोन गुणांनी नापास झाली होती आणि निकालानंतर आठच दिवसांत घरातून निघून परगावी कामाला लागली होती. आता पास झाल्याचं कळवलं तरी परत येत नव्हती. ती आई भांडली नाही. तुम्ही कोण ते बघायला आले होते, म्हणाली, आणि बघून गेली. त्या रात्री बाईंना झोप लागली नाही, आणि पुढेही कितीतरी दिवस शाळेचं फाटक जवळ आलं की तिथे कोण उभं आहे ते त्या आधी बघायच्या.

ती नवी परीक्षिका फेरतपासणीला परत बोलावली गेली. बाईंना हे इतरांकडून कळलं.

खारूचे एकसष्ट झाले. प्रवेश तीन आठवड्यांपूर्वीच बंद झाले होते. संस्थेने लिहिलं, पुढच्या वर्षी अर्ज करा. ती बापाच्या दुकानात बसू लागली. भिंगं घासायला शिकली, गिऱ्हाइकांशी नीट बोलायला शिकली.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी ती वर आली. बाई पाचवीच्या वह्या तपासत होत्या. खारू टेबलाच्या पलीकडे बसली, पूर्वी बसायची तिथे नाही, बाजूच्या खुर्चीवर. थोडा वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तू बरोबर केलंस, आत्या. मला माहितीये. पण मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"तेच तर," खारू म्हणाली. "नको म्हणाले असते की घे म्हणाले असते, मला आता कधीच कळणार नाही. ते तू घेतलंस माझ्याकडून. गुणांचं एवढं नाही."

 आपण पोरीला वाचवलं, तिच्यावर निवड लादली नाही, असं इतके दिवस त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. आता कळलं की खरं तर त्या भ्यायल्या होत्या. खारू 'घे' म्हणेल याची त्यांना भीती होती. त्यांनी ते तसंच सांगितलं. सांगताना त्या मध्येच अडखळल्या आणि खारूने त्यांना अडखळू दिलं.

"म्हणाले असतेही कदाचित," ती शेवटी म्हणाली आणि उठली. जाताना पाचवीच्या वहीतलं एक पान वाचून थोडंसं हसली.

पुढच्या वर्षी खारूला प्रवेश मिळाला. संस्था दूर होती, तिथेच राहावं लागणार होतं. ती निघाली त्या सकाळी बाई बसस्थानकावर गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. खारू तिकिटाच्या रांगेत होती, भाऊ बाकावर बसला होता आणि शेजारी तिची मोठी बॅग ठेवली होती. बाई थोड्या अंतरावर खांबाशी उभ्या राहिल्या. भावाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं, मग बॅग उचलून पायाशी ठेवली. बाई जाऊन त्या जागेवर बसल्या. बस सुटेपर्यंत तो फक्त एवढंच म्हणाला, की पोरगी डबा घरीच विसरलीये.